काजव्याच्या दिव्याची कळ मेंदूच्या हाती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रोहिणीत वळवाच्या दोन-चार सरी पडल्या की भंडारदरा, राजमाची, भीमाशंकरच्या वाटेला पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. त्याच आठवड्यांत वर्तमानपत्रांतून काजव्यांनी लखलखलेल्या झाडांची छायाचित्रे येतात. सोबतच्या मजकुरात काही विधाने वर्षानुवर्षे तशीच छापली जातात. काजवा पोटातल्या फॉस्फरसमुळे चमकतो. त्याचा प्रकाश शंभर टक्के कार्यक्षम असतो. श्वास आत घेतला की तो पेटतो आणि सोडला की विझतो. ही तिन्ही विधाने चुकीची आहेत. त्याहून मोठी चूक कुणी लिहीत नाही, पण सगळे धरून चालतात: काजवा आपोआप लुकलुकतो, आपण जवळ जाऊन बॅटरी मारली तरी त्याचे लुकलुकणे चालूच राहणार. प्रत्यक्षात एकेक चमक त्याच्या डोक्यातून सुटते, मज्जारज्जूतून पोटाच्या टोकापर्यंत पोचते आणि मगच दिवा पेटतो. ती केव्हा सोडायची हे तो डोळ्यांनी बघून ठरवतो. बॅटरीचा झोत पडतो तो या सगळ्या व्यवस्थेवर. ती कशी चालते आणि कुठे बिघडते हे नीट कळावे म्हणून हे पत्र.

आधी दिव्याची रचना. काजवा हा भुंगेऱ्यांच्या गणातला कीटक. तो उलटा दिसला तर पोटाच्या शेवटाकडे फिकट पिवळसर पट्टा दिसतो. आपल्याकडच्या लुकलुकणाऱ्या काजव्यांत नराच्या पोटाचे असे दोन खंड असतात, मादीचा एक. या पट्ट्यावरचे कवच पारदर्शक असते. त्याच्या आत प्रकाशपेशींचा थर आणि त्याच्याही आत, पाठीच्या बाजूला, युरिक आम्लाच्या क्षाराच्या बारीक स्फटिकांचा पांढरा थर. मोटारीच्या दिव्यात बल्बच्या मागे चकचकीत वाटी असते, तेच काम हा पांढरा थर करतो: अंगाकडे जाणारा प्रकाश बाहेर परतवतो. प्रकाशपेशींच्या थरातून श्वासनलिका उभ्या जातात आणि प्रत्येक नलिकेभोवती पेशी झेंडूच्या पाकळ्यांसारख्या रचलेल्या असतात. नलिकेच्या फांद्या जिथे अतिसूक्ष्म नळ्यांत फुटतात त्या टोकाशी खास पेशींची एक जोडणी असते. ही टोकाची जागा लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी गोष्ट तिथेच घडते.

प्रकाशाचे रसायन आता शालेय पुस्तकांतही येते, म्हणून थोडक्यात. ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ ल्युसिफरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) कुशीत बसतो. पेशीतली ऊर्जा वाहणारा एटीपी हा रेणू आणि मॅग्नेशियम यांच्या मदतीने त्याची पहिली तयारी होते. मग त्याच्याशी ऑक्सिजनचा संयोग होतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि उरलेला रेणू उत्तेजित अवस्थेतून शांत होताना प्रकाशाचा एक कण बाहेर टाकतो. ल्युसिफेरिनमध्ये कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि गंधक आहे, फॉस्फरसचा एक अणूही नाही. फॉस्फरस असतो तो एटीपीत, आणि तो तर आपल्याही प्रत्येक पेशीत आहे. एटीपीची ही भूमिका अमेरिकेतील विल्यम मॅकेलरॉय यांनी 1947 साली दाखवली. दूधसंकलन केंद्रांत आणि अन्नाच्या कारखान्यांत भांडी खरोखर स्वच्छ झाली का हे काही सेकंदांत सांगणारी जी प्रकाशमापक चाचणी असते, ती याच विकरावर चालते.

शंभर टक्क्यांचे विधान कुठून आले असेल तेही सांगता येते. 1960 साली सेलिगर आणि मॅकेलरॉय यांनी मोजणी करून शंभर ल्युसिफेरिन रेणूंमागे सुमारे 88 प्रकाशकण असा आकडा दिला होता. पुढे लिहिणाऱ्यांनी तो फुगवला. 2008 साली जपानी संशोधकांनी अधिक अचूक उपकरणांनी पुन्हा मोजले तेव्हा तो 41 च्या आसपास निघाला. 41 हाही विलक्षण आकडाच आहे. त्याला फुगवण्याची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. प्रकाशपेशीत ल्युसिफेरिन आहे, विकर आहे, एटीपीही आहे. मग दिवा सतत पेटलेला का राहत नाही? कारण शेवटचा घटक, म्हणजे ऑक्सिजन, पेशीच्या आतपर्यंत पोचू दिला जात नाही. त्याच्या वाटेवर पहारा आहे आणि पहारेकऱ्याला हुकूम देते मज्जासंस्था.

कीटकाच्या मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू आपल्यासारखा पाठीतून न जाता पोटाच्या बाजूने जातो. वाटेत ठिकठिकाणी मज्जापेशींच्या गाठी असतात. पोटातल्या शेवटच्या गाठींमधून काही ठरावीक मज्जापेशींचे धागे दिव्याकडे जातात. फोट्युरिस या अमेरिकी काजव्याच्या अळीत अशा चारच पेशी दिवा चालवतात, हे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ख्रिस्तेन्सेन आणि कार्लसन यांनी एकेका पेशीत विद्युत्-अग्र (इलेक्ट्रोड) घालून दाखवले. गाठीच्या वरच्या बाजूला, मधोमध बसलेल्या या पेशींचा प्रत्येकी एक धागा दुभंगतो आणि अळीच्या डाव्या-उजव्या दोन्ही दिव्यांकडे जातो. दोन्ही दिवे एकदमच उजळतात ते यामुळे.

या धाग्यांच्या टोकांतून जे रसायन सुटते त्याचे नाव ऑक्टोपामीन. ऑक्टोपसच्या लाळग्रंथींत ते प्रथम सापडले, म्हणून हे नाव. आपल्या शरीरात नॉरअॅड्रेनलीन जे काम करते, धोक्याच्या किंवा धावपळीच्या वेळी अंगाला सज्ज करण्याचे, जवळपास तेच काम कीटकांत ऑक्टोपामीन करते. उडताना स्नायूंना लागणारे इंधन मोकळे करणे हेही त्यातलेच. काजव्याने उडण्याच्या तयारीचा हाच संदेशवाहक दिव्याच्या कामी लावला आहे.

अळी आणि प्रौढ काजवा यांच्यात इथे एक मोठा फरक आहे, आणि सगळ्या मांडणीत आम्हाला तो सर्वांत बोलका वाटतो. अळीत मज्जातंतू थेट प्रकाशपेशीला भिडतो. म्हणून अळी लुकलुकत नाही. तिचा दिवा हळूहळू उजळतो, काही सेकंद मंद तेवत राहतो आणि हळूहळू विझतो. पावसाळ्यात ओल्या पालापाचोळ्यात, दगडी बांधाच्या फटीत असा स्थिर हिरवट ठिपका दिसला तर तो बहुधा गोगलगाय शोधत फिरणाऱ्या अळीचा. प्रौढ काजव्यात मात्र मज्जातंतू प्रकाशपेशीला शिवतच नाही. तो वर सांगितलेल्या श्वासनलिकेच्या टोकाशी, तिथल्या पेशींवर थांबतो. झटपट पेटून झटपट विझणारी चमक हवी असेल तर हुकूम दिव्याला देण्याऐवजी हवेच्या दाराला द्यावा, अशी ही व्यवस्था.

दार कसे उघडते हा प्रश्न बरीच वर्षे अडून होता. मज्जातंतू आणि प्रकाशपेशी यांच्यात अंतर आहे. ऑक्टोपामीन ते ओलांडून वेळेत पोचणार कसे? 2001 साली अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठातील बॅरी ट्रिमर आणि सहकाऱ्यांनी यावर उत्तर मांडले. ऑक्टोपामीन पोचताच टोकाच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतात. हा रेणू इतका लहान की पेशींच्या भिंती त्याला अडवत नाहीत. आपल्या रक्तवाहिन्या सैल करणारा रेणू हाच. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी याच्याच जोरावर काम करते, आणि त्याची ही भूमिका शोधणाऱ्यांना 1998 चे नोबेल मिळाले. प्रकाशपेशीत तो काय करतो? पेशीच्या कडेला, हवेच्या सूक्ष्म नळ्यांना लागून, मायटोकाँड्रियांची, म्हणजे ऑक्सिजन वापरून पेशीसाठी ऊर्जा बनवणाऱ्या घटकांची, दाट गर्दी असते. प्रकाश देणारी रसायने त्यांच्या पलीकडे, आतल्या भागातल्या कणांत असतात. नळीतून आलेला ऑक्सिजन ही गर्दीच खाऊन टाकते, म्हणून आत अंधार. नायट्रिक ऑक्साइड येऊन मायटोकाँड्रियांचे ऑक्सिजन घेणे क्षणभर थांबवतो. तेवढ्या क्षणात ऑक्सिजन त्यांना ओलांडून आत शिरतो आणि दिवा पेटतो.

कोथिंबिरीच्या वाफ्याला पाणी सोडले आणि पाटाच्या काठावरच्या तहानलेल्या मातीने ते वाटेतच शोषले, तर वाफा कोरडा राहतो. काठाने शोषणे थांबवले की पाणी वाफ्यात पोचते. तसे हे.

विझण्याची रीतही याच प्रयोगांतून दिसली. नायट्रिक ऑक्साइडने मायटोकाँड्रियांवर बसवलेला हा प्रतिबंध प्रकाश पडताच सुटतो. म्हणजे पेटलेला दिवाच स्वतःच्या उजेडाने त्यांना पुन्हा कामाला लावतो, त्या ऑक्सिजन खाऊ लागतात आणि अंधार होतो. नायट्रिक ऑक्साइड शोषून घेणारे रसायन आधी दिले तर ऑक्टोपामीन देऊनही चमक येत नाही, आणि काजव्याला या वायूत ठेवले तर तो जवळजवळ अखंड तेवत राहतो, हे ट्रिमर यांच्या गटाने दाखवले. 2014 साली तैवानच्या संशोधकांनी क्ष-किरणांनी या सूक्ष्म नळ्यांचे जाळे मोजून ऑक्सिजनचा हिशेब मांडला. चमकेसाठी लागणारा ऑक्सिजन पेशीच्या रोजच्या वापरातून वळवूनच मिळतो, असा तो निघाला.

श्वासाच्या समजुतीचे उत्तर यातच आहे. कीटकाला फुप्फुसे नसतात. अंगाच्या बाजूंना असलेल्या छिद्रांतून हवा नळ्यांत जाते. छातीचा भाता आत-बाहेर होतो आणि त्याबरोबर दिवा पेटतो-विझतो, असे काही तिथे नाही. ऑक्सिजनची भूमिका खरी आहे, पण शेवटच्या काही मायक्रोमीटरमध्ये. हवाच कमी केली तर काय होते हेही पाहिलेले आहे. ऑक्सिजन फार उतरला की मज्जासंस्थेचा ताबा सुटतो आणि दिवा मंद, सलग तेवू लागतो. अशा वेळी एकदम ताजी हवा आत सोडली तर हुकूम नसतानाही एक झगझगीत चमक येते. दार सताड उघडे राहिलेले असते, म्हणून.

आता ताल. डोके वेगळे केलेल्या काजव्याचे नेहमीच्या ठेक्यातले लुकलुकणे थांबते. पण मज्जारज्जूला बारीक विद्युत् झटका दिला तर तोच दिवा पुन्हा चमकतो. म्हणजे दिवा शाबूत आहे, ठेका देणारा गेला. केस आणि बक या संशोधकांनी 1963 साली अशा प्रयोगांतून ठेक्याची जागा डोक्यात असल्याचे मांडले. प्रत्येक चमकेच्या आधी मज्जारज्जूतून विद्युत् संदेशांचा एक जथा जातो. तो किती लांब, किती दाट, त्यावर चमक कशी दिसणार हे ठरते. तापमानाचाही परिणाम होतो. गार रात्री ठेका संथ होतो, उकाड्यात जलद. पावसाची सर येऊन गेल्यावर काजवे ‘थकल्यासारखे’ लुकलुकतात असे वाटते, त्यामागे बहुधा उतरलेला पाराच असतो.

हुकूम ते उजेड हा प्रवास मात्र सावकाश आहे. दिव्याजवळच्या मज्जातंतूला झटका दिला तरी प्रकाश दिसायला साधारण 50 ते 100 मिलिसेकंद लागतात, तर स्नायू काही मिलिसेकंदांत हलतो. वायू तयार होणे, पसरणे, ऑक्सिजन आत जाणे, हा सगळा वेळ त्यात मोजला जातो. डोळ्याने पाहण्यापासून धरले तर एकूण उशीर 200 मिलिसेकंदांच्या घरात जातो. मग अख्खे झाड एका क्षणी कसे उजळते? शेजाऱ्याची चमक पाहून उत्तर द्यायचे म्हटले तर प्रत्येक जण जवळपास पाव सेकंद मागेच राहणार.

जॉन आणि एलिझाबेथ बक यांनी 1968 साली थायलंडमधल्या टेरॉप्टिक्स मलाक्के या काजव्यावर हे कोडे उलगडले. हे काजवे सुमारे 560 मिलिसेकंदांच्या ठेक्याने एकत्र चमकतात. प्रत्येक जण आत्ता दिसलेल्या चमकेला उत्तर देत नाही, तिच्यावरून पुढची केव्हा येणार हे धरतो आणि स्वतःचे घड्याळ तेवढे पुढे-मागे सरकवतो. पुणेकराला हे वेगळे समजावायला नको. ढोल-ताशा पथकात पन्नास ढोल एकाच क्षणी वाजतात ते शेजाऱ्याचा टोल ऐकून मारलेले नसतात. ठेका अंगात बसलेला असतो आणि ताशाच्या इशाऱ्यावर तो सावरला जातो. पण मध्येच कुणी भलतीकडून, भलत्या ठेक्यात टोल देऊ लागला तर पथक विसकटते. काजव्यांच्या झाडाचे तेच होते, आणि तो भलता टोल आपण देतो.

पुढचा भाग जरा नेटाने वाचावा, अशी पर्यटकांना आणि त्याहून अधिक आयोजकांना विनंती आहे.

काजव्याच्या डोळ्याची संवेदना आपल्याच जातीच्या प्रकाशाच्या रंगाशी जुळलेली असते. हा रंग हिरवट ते पिवळ्यापर्यंतचा, बहुतेक जातींत 530 ते 590 नॅनोमीटर तरंगलांबीच्या दरम्यानचा. रात्री पांढरा झगमगाट नको म्हणून पिवळे, केशरी दिवे लावले की ते सौम्य, निसर्गस्नेही, असा समज पसरला आहे. अनेक कीटकांसाठी तो बरोबर असेल. काजव्यांसाठी तो उलटा पडतो. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या टफ्ट्समधील प्रयोगात वेगवेगळ्या रंगांच्या उजेडात माद्या नराच्या चमकेला किती उत्तर देतात हे मोजले गेले. केशरी-पिवळ्या उजेडात त्या सर्वांत जास्त गप्प झाल्या, तांबड्या आणि निळ्या उजेडात परिणाम कमी होता. कारण साधे आहे: तो उजेड थेट त्यांच्या संवादाच्या रंगात बोलतो, त्यात नराचा निरोप बुडून जातो.

संवाद म्हणजे काय, तेही सांगायला हवे. उत्तर अमेरिकेतल्या फोटिनस पायरॅलिस या काजव्याचा नर उडता उडता साधारण सहा सेकंदांनी एकदा चमकतो. गवतावर बसलेली मादी सुमारे दोन सेकंद थांबून एकच चमक देते. तेवढ्या अंतराने आलेले उत्तरच नर आपल्या जातीचे मानतो. लवकर आले किंवा उशिरा आले तर तो पुढे निघून जातो. प्रत्येक जातीचा ठेका वेगळा, त्यामुळे हे आकडे सह्याद्रीतल्या काजव्यांना लावू नयेत. पण ‘केव्हा’ याला किती किंमत आहे हे त्यावरून कळते. पाच सेकंद मोबाइलची बॅटरी लागली की तेवढ्या वेळात झालेली प्रश्नोत्तरे वाया जातात. बहुतेक प्रौढ काजवे जेमतेम दोन-तीन आठवडे जगतात आणि त्यातल्या प्रत्येक रात्रीचे उडण्याचे तास मोजकेच.

सर्वांत वाईट दिवा कोणता असे विचारले तर आमचे उत्तर आहे गाडीचे इंडिकेटर. घाटरस्त्याच्या कडेला चारही इंडिकेटर चालू ठेवून गाड्या उभ्या करण्याची सवय सुरक्षिततेपोटी लागली आहे. पण त्यांचा रंग केशरी-पिवळा आणि ठेका मिनिटाला 60 ते 120, म्हणजे एक ते अर्ध्या सेकंदाचा. रंगही काजव्याच्या जवळचा, ठेकाही जवळचा. एकत्र चमकणाऱ्या झाडाला घड्याळ लावण्यासाठी मुद्दाम उपकरण बनवायचे म्हटले तर ते फारसे वेगळे नसेल. रिमोटने गाडी उघडताना आणि लावतानाही तेच दोनदा लुकलुकतात. म्हणून गाडी रस्त्यावर न थांबवता गावातल्या वाहनतळावरच लावावी, कुलूप चावीने लावावे, इंजिन बंद केल्यावर काही सेकंद जळत राहणारे पुढचे दिवे आधीच बंद करून ठेवावेत. वाहनतळ आणि काजव्यांची झाडे यांच्यात वळण किंवा टेकाडाचा आडोसा हवा. मोकळ्या माळावर शे-दोनशे मीटर अंतर असले तरी हेडलाइटचा झोत झाडावर पोचतो.

चालण्यासाठी उजेड लागतोच, विशेषतः लहान मुले आणि वयस्कर सोबत असतील तर. त्यासाठी मंद तांबडा उजेड वापरावा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात लाल जिलेटीन कागद मिळतो. एक थर पुरत नाही, त्यातून पिवळा उजेड बराच गळतो. तीन-चार थरांची घडी बॅटरीच्या काचेवर रबरबँडने पक्की करावी आणि पांढऱ्या भिंतीवर झोत टाकून पाहावा. भिंत नारिंगी दिसली तर आणखी थर हवेत, गडद तांबडी दिसली तर चालेल. झोत कायम पायाशी, कंबरेच्या वर कधीच नाही. मोबाइलच्या पडद्याची रात्रीची पिवळी छटा इथे उपयोगाची नाही, कारण तोच अडचणीचा रंग. पडदा सर्वांत मंद करून मोबाइल खिशात ठेवावा. आपल्या डोळ्यांना अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एकदा कुणी पांढरी बॅटरी लावली की ती वीस मिनिटे सगळ्या गटाची नव्याने सुरू होतात. गटप्रमुखाने हे निघण्याआधीच सांगावे, झाडाखाली पोचल्यावर नव्हे.

पायवाट सोडून झुडपांत शिरू नये, कारण माद्या बहुधा खाली, गवतावर आणि झुडपांच्या पानांवर असतात. अंडी ओल्या मातीत घातली जातात आणि अळ्या वर्षातला बहुतेक काळ त्याच पालापाचोळ्यात काढतात. फोटोसाठी झाडाखालचा पाचोळा झाडून ‘जागा साफ’ करणे म्हणजे पुढच्या वर्षीचे काजवे झाडून टाकणे.

निवासस्थानांच्या मालकांनी साधारण 25 मे ते 20 जून या काळात, रोहिणी आणि मृगात, संध्याकाळी साडेसात ते साडेदहा बाहेरचे दिवे बंद ठेवावेत. झाडांना गुंडाळलेल्या लुकलुकत्या माळा या दिवसांत उतरवूनच ठेवाव्यात. दिवा ठेवणे भागच असेल तर तो गुडघ्याच्या उंचीवर, वरून झाकलेला आणि तांबडा असावा. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही.

एक मुद्दा कीटकनाशकांचा. वर ऑक्टोपामीन सांगितले. फॉर्मामिडीन गटातली कीटकनाशके नेमक्या याच रसायनाची नक्कल करतात. ती दिली की काजव्याचा दिवा हुकूम नसताना पेटून राहतो, हे हॉलिंगवर्थ आणि मर्डॉक या संशोधकांनी 1980 सालीच दाखवले. गुरांवरच्या गोचिडांसाठी गावोगाव वापरले जाणारे अमिट्राझ याच गटातले आहे. साडेबारा टक्के तीव्रतेचे औषध लिटरभर पाण्यात साधारण 2 मिलिलिटर, असे ते फवारतात. गोचिडांवर इलाज हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण फवारणी गोठ्याजवळ, दिवसा व्हावी. उरलेले द्रावण आणि डबा धुतलेले पाणी ओढ्यात किंवा झुडपांच्या मुळाशी ओतू नये. मृगाच्या आधीच्या पंधरवड्यात हे पथ्य विशेष पाळावे. पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांनी डोस समजावताना एवढे एक वाक्य जास्त सांगितले तर ते गावात लवकर रुजेल.

शेवटी आपल्या वर्तमानपत्राकडे एक मागणी. काजव्यांची जी छायाचित्रे छापली जातात ती बहुतेक वेळा अनेक चित्रे एकावर एक रचून केलेली असतात. प्रत्येक चित्रासाठी कॅमेऱ्याची झडप पंधरा-वीस-तीस सेकंद उघडी ठेवलेली असते. अर्ध्या-पाऊण तासातल्या सगळ्या चमका त्यात एकदम दिसतात. ते पाहून गेलेल्या माणसाला प्रत्यक्षातला अंधार आणि मधूनच उमटणारा ठेका फिका वाटतो, आणि मग तो बॅटरी काढतो, झाड हलवतो, जवळ जातो. तेव्हा अशा प्रत्येक छायाचित्राखाली किती चित्रे रचली आणि एकूण किती मिनिटांचा उजेड त्यात साठवला आहे हे छापावे. त्याच चौकटीत लाल जिलेटीन, बंद इंडिकेटर आणि पायवाट या तीन सूचना द्याव्यात. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातल्या अंकात हे आले तर पहिल्याच शनिवारी निघणाऱ्या गाड्यांना त्याचा उपयोग होईल.

आपले,
कीटकशास्त्राचे अध्यापक
पुणे